वसमतच्या खोलीखालचं शहर

हळदीच्या गोदामाला लागून घर असलं की हळद कुठून येते ते कळत नाही. दार लावा, खिडकी लावा, ती येतेच. उशीच्या अभ्र्यावर, चहाच्या गाळणीत, केसांत. किस्स्यांचंही तसंच असतं. कुणी ते जमवायला जात नाही. आपण आपले दिवस ढकलत असतो, आणि पुढं कधीतरी चार माणसांत बसल्यावर लक्षात येतं की बोलायला लागलो तर थांबणं अवघड आहे.

माझे किस्से वसमतचे. आणीबाणीच्या आगेमागेची वर्षं, तेव्हा आमचा जिल्हा परभणी. एका हळदीच्या अडत्याच्या वाड्यामागं दोन खोल्या होत्या. तिथं आम्ही चौघी राहायचो. मी सुमन, दवाखान्यात नर्स. शकुंतला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर, मूळची औरंगाबादची. नर्मदाक्का ग्रामसेविका, आमच्यात सगळ्यांत मोठी. नवऱ्यानं दुसरी बाई आणली तेव्हा ती पेटी घेऊन निघाली आणि नोकरीला लागली. आणि कमल, प्राथमिक शाळेत मास्तरीण, कळमनुरीकडच्या एका खेड्यातल्या बौद्ध घरातली. तिच्या गावातली पहिली शिकलेली मुलगी.

चौघींना पगार होता, सायकल होती, आणि संध्याकाळी जायला जागा नव्हती. दिवस मावळल्यावर चार बाया बाजारातून नुसत्या फिरल्या असत्या तर दुसऱ्या दिवशी दवाखान्यात, शाळेत, पंचायत समितीत, सगळीकडं एकच प्रश्न आला असता : काल कुठं गेल्त्या? म्हणून आम्ही कंदील मधे ठेवून एकमेकींची तोंडं बघायचो.

अशाच एका संध्याकाळी कमलनं सांगितलं की ती लहान असताना तिच्या गावात विहीर खणताना खाली एक कोरीव पायरी लागली. तिचे वडील खणणाऱ्यांतच होते. पायरीखाली आणखी एक पायरी दिसली. गावातल्या जुन्या माणसांनी माती परत लोटायला लावली आणि विहीर दुसरीकडं घेतली.

"त्या पायऱ्या कुठं जात होत्या?" मी विचारलं.

कमलनं कंदिलाची वात वर केली. मग म्हणाली, "चला, बघू. तुम्ही उतरा. मी काय दिसतं ते सांगते."

आमचं खालचं शहर सुरू झालं ते असं.

* * *

नियम सोपे होते. कमल सांगणार : समोर पडकी कमान आहे, आत अंधार आहे, कुणाच्या तरी पावलांचा आवाज येतोय. आपण कोण आहोत आणि काय करतो ते आम्ही सांगायचं. जमलं की फसलं, ते चिंचोके ठरवणार. चिंचोके फोडून दोन फाका केल्या की एक बाजू पांढरी, एक काळी. फाका जमिनीवर टाकायच्या. पांढऱ्या जास्त पडल्या तर जमलं, काळ्या जास्त पडल्या तर फसलं.

मी वैदू झाले. शकुंतला चोर झाली, कुलपं उघडणारी. नर्मदाक्का म्हणाली, "मी शिपाई. तलवार देजो मला."

तलवार मिळाली. पहिल्याच चौकात एक भूत आडवं आलं. कमलनं त्याचं वर्णन इतकं चांगलं केलं की शकुंतलानं पाय वर घेतले. आता अक्का तलवार काढणार म्हणून आम्ही वाट बघत होतो. अक्कानं भुताला विचारलं, तू सैपाक कशावर करतोस. मग धुरानं डोळे कसे जातात ते सांगितलं, आणि बिनधुराची चूल कशी बांधायची, नळी कुठून काढायची, माती कोणती घ्यायची, सगळं सांगितलं. दिवसभर गावोगाव हेच सांगून आलेली बाई ती.

कमलनं चिंचोके टाकले. सगळे पांढरे. म्हणाली, "भूत खाली बसलंय. ऐकून राहिलंय."

"खरंच ऐकून राहिलं का?" अक्कानं विचारलं.

"खरंच."

अक्का कंदिलाकडं बघत म्हणाली, "बरं झालं बाई. कुणीतरी ऐकलं."

* * *

शकुंतलाची अडचण वेगळी होती. तिला खाली फोन पाहिजे होता. कमल म्हणायची, शहर हजार वर्षांपूर्वी बुडालेलं, तिथं फोन कुठून येणार. शकुंतला म्हणायची, तू भूत आणलंस ते चालतं, आणि फोन चालत नाही? ती शहराला तहखानाच म्हणायची, म्हणजे तळघर. तहखान्यात खबर कळवायची सोय पाहिजे, हे तिचं म्हणणं.

शेवटी तडजोड झाली. शहराच्या मधोमध एक आटलेली विहीर निघाली. तिच्यात बोललं की दुसऱ्या टोकाच्या विहिरीत ऐकू जातं.

शकुंतला दिवसभर लोकांच्या लाइनी जोडायची. नांदेड लावा, हैदराबाद लावा, लवकर लावा. कुणाला मुलगा झाला, कुणाचा बाप गेला, सगळं तिच्या कानावरून जायचं. ती विहिरीपाशी गेली आणि सवयीनं म्हणाली, "हॅलो, कोण पाहिजे?"

कमल विहिरीच्या आवाजात म्हणाली, "तुम्हीच पाहिजे. बोला."

शकुंतला बोलेना. आम्हाला वाटलं विचार करत असेल. मग ती उठली, डाळ चढवायची राहिली म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली. डाळ मी मघाशीच चढवली होती. ते तिलाही माहीत होतं.

* * *

एकदा घरमालक आणि त्यांची बायको चंद्रकलाकाकू दोघं दार वाजवत आले. मालकांच्या हातात काठी होती. भिंतीपलीकडून काकूंनी अक्काचा आवाज ऐकला होता : "मुडदा हितंच ठिवा, उद्या गाडू."

आम्ही एकमेकींचं बोलणं तोडत सगळा खुलासा केला. मालकांना काहीच कळलं नाही. शिकलेल्या बायका असं काय करतात असं पुटपुटत ते गेले. काकू मात्र उंबऱ्यावर थांबल्या. जरा वेळानं त्यांनी विचारलं, "मंग गाडला का त्याला?"

दुसऱ्या दिवसापासून त्या यायला लागल्या. तुम्ही कोण होणार, असं कमलनं विचारलं. राणी व्हा, जादूगार व्हा. काकूंचं लग्न होऊन त्या बाराव्या वर्षी या वाड्यात आल्या होत्या, आणि वसमतचा बसस्टँडसुद्धा त्यांनी एकटीनं बघितलेला नव्हता. त्या म्हणाल्या, "मला काही व्हायचं न्हाई. मी नुसती चालते तुमच्यासंग."

आणि त्या चालल्या. कधी लढल्या नाहीत, कुलूप उघडलं नाही. आम्ही खजिन्याच्या मागं असायचो आणि काकू मधेच विचारायच्या, "त्या बोळीत काय हाये? तिकडून जाऊ ना." तिथं काही नसलं तरी कमल त्यांच्यासाठी बोळ सांगायची. दगडी ओटे, कोरडी कारंजी, छताच्या भेगेतून आलेली वडाची मुळं. काकू डोळे मिटून ऐकायच्या.

* * *

काकू आमच्याकडं पाणी प्यायच्या नाहीत. अक्का पहिल्या दिवशी तांब्या घेऊन आली तर म्हणाल्या, आत्ताच पिऊन आले. रोज त्या आत्ताच पिऊन आलेल्या असायच्या. माठ कमल भरायची. कारण सगळ्यांना माहीत होतं, कमलला सगळ्यांत जास्त. खोली भाड्यानं देताना मालकांनी सरकारी नोकर म्हणून काही विचारलं नव्हतं, पण पाण्याचं पाण्यापाशी होतं.

एकदा खाली आम्ही खूप चाललो. शहराचा एक भाग जळलेला होता, सगळीकडं राख. काकू म्हणाल्या, "लई तहान लागली असंल न्हाई आपल्याला?"

कमल म्हणाली, "पुढं पाणपोई आहे. एक बाई पाणी वाढून राहिली."

काकूंनी पदर सारखा केला. मग हळूच म्हणाल्या, "कोणची बाई?"

"माझ्यासारखी," कमल म्हणाली.

आम्ही तिघी जमिनीकडं बघत होतो. काकूंनी चिंचोक्यांकडं हात नेला. कमलनं त्यांच्या हातावर हात ठेवला नाही, नुसतं म्हणाली, "पाण्याला काहून टाकायचे चिंचोके, काकू? प्यायचं का न्हाई तेवढं सांगा."

काकू म्हणाल्या, "पेते."

त्यानंतर त्या खाली रोज त्या पाणपोईवर थांबायच्या. आठवणीनं थांबायच्या, पाणी गोड आहे म्हणायच्या. वर मात्र शेवटपर्यंत त्या आत्ताच पिऊन आलेल्या असायच्या.

* * *

त्या दिवसांत मला आणि अक्काला नसबंदीच्या केसेस आणायचं टार्गेट होतं. साहेब लोक जीप घेऊन यायचे, यादी मागायचे, सगळ्यांसमोर बोलायचे. अक्काला शिवारात बघितलं की माणसं बाजरीत लपायची.

अशाच एका आठवड्यात कमलनं आम्हाला राजाच्या दरबारात नेलं. राजा पाषाणाचा झालेला, भोवती त्याची शंभर पोरं, तीही पाषाणाची. त्याला जिवंत कसं करायचं हे कोडं होतं. आम्ही मंत्र शोधत होतो. अक्का राजाच्या सिंहासनाभोवती एक फेरी मारून आली आणि म्हणाली, "सुमन, केस हाये बघ."

हसून हसून शकुंतलाला ठसका लागला. त्या सगळ्या काळात आम्ही असं मोकळं एवढं एकदाच हसलो.

* * *

हा किस्सा माझा. एका तांड्यावर बाळंतपण होतं. बैलगाडीनं पोचेपर्यंत उशीर झाला होता, आणि लेकरू माझ्या हातात गेलं. कुणी मला बोललं नाही. त्याच्या आजीनं उलट चहा दिला.

घरी येऊन मी कुणाला काही सांगितलं नाही. संध्याकाळी बसलो. कमल म्हणाली, उजवीकडं बंद दार आहे, आतून लेकराच्या रडण्याचा आवाज येतोय, वैदूला बोलावून राहिले.

मी म्हटलं, मी जात नाही.

शकुंतलाला वाटलं मी घाबरले. तिनं चिंचोके माझ्यापुढं सारले. मी ते हातातच घेतले नाहीत. कमलनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि काही विचारलं नाही. म्हणाली, ती चूक झाली, तो वारा होता.

पुढं कितीदा तरी आमची वाट त्या गल्लीतून गेली. दर वेळी त्या दारापाशी आलो की कमल सांगणं थांबवून, मला ऐकू जाईल इतक्याच आवाजात म्हणायची, "इथं सगळं शांत आहे."

* * *

असे घोळके टिकत नाहीत. शकुंतलाचं लग्न झालं, ती नांदेडला गेली. लग्नात ती इतकी कमी बोलली की आम्हाला वाटलं तब्येत बरी नाही. अक्काची बदली सेनगावकडं झाली, माझी वारंगा फाट्याजवळ. कमल एकटीच त्या खोलीत राहिली. दुसऱ्या वर्षी मी तिला भेटायला गेले तर चंद्रकलाकाकू उंबऱ्यावर बसलेल्या होत्या आणि कमल त्यांना बोळ सांगत होती. मी चहा घेतला आणि त्यांना न थांबवता निघाले. एसटीत बसल्यावर मला वाईट वाटलं ते कुणासाठी, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

* * *

अक्का मला शेवटची भेटली ती वारंगा फाट्यावर. दुपारची वेळ, उन्हाळा. ती रसवंतीच्या सावलीत पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. केस बरेच पांढरे झाले होते.

कुठं निघालीस विचारलं तर म्हणाली, मालकाकडं. नवऱ्याचं नाव तिनं कधी घेतलं नव्हतं, आणि मालक हा शब्दही मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. त्याला लकवा झाला होता. ती दुसरी बाई तिच्या माहेरी निघून गेली होती. दिराचा निरोप आला होता की वहिनी, एकदा येऊन जा.

मी विचारलं, राहणार का तिथं? तिनं मांडीवरची पिशवी सारखी केली. तिनं रजा किती टाकली तेही सांगितलं नाही. पिशवीत दोनच लुगडी दिसत होती, पण अक्काकडं कधीच जास्त लुगडी नव्हती.

आम्ही रस प्यालो. रस्त्यावर ट्रकच्या मागून धूळ उठून बसत होती. मग अक्का माझ्याकडं न बघता म्हणाली, "सुमन, समोर काय हाये सांग."

मला आधी कळलं नाही. मी म्हटलं, टायरचं दुकान आहे, पलीकडं हॉटेल आहे.

"तसं न्हाई," ती म्हणाली. "खाली."

मी आयुष्यात कधी सांगितलं नव्हतं, सांगायचं काम कमलचं. तरी मी म्हटलं, दार आहे. जुनं, लाकडी. लावलेलं आहे.

"आत कोण हाये?"

"दिसत नाही, अक्का. आवाज येत नाही."

तिनं मान हलवली. तिची एसटी वळणावर दिसली, माणसं सामान उचलून पुढं सरकली. मी म्हटलं, "अक्का, आपल्याकडं चिंचोके नाहीत."

ती उठली, पदर खोचला, पिशवी खांद्याला लावली.

"राहू दे," ती म्हणाली. "तसंच उघडते."