मे महिन्यातली ओली गच्ची

मी शाळेत विज्ञान शिकवते. भूत, करणी, उतारा... असलं काही कुणी काढलं की मी सरळ उठून जाते. आता हे मीच लिहितेय, याचाही मला रागच येतोय.

किन्हवलीहून थोडं आत आमचं गाव. माझे आजेसासरे धरणाच्या कामावर मुकादम होते. तिथलं काँक्रीट बघून त्यांनी गावातलं पहिलं स्लॅबचं घर बांधलं. ना वासे, ना कौलं — डोक्यावर कोसळेल म्हणून पाहुणे अंगणातच बसायचे म्हणे! यंदा त्या स्लॅबच्या सळया दिसायला लागल्या. "पाडून टाका," सगळ्यांनी सांगितलं. मी हट्टाने दुरुस्ती काढली. गच्चीवर नवा थर टाकला, वर गोणपाटं अंथरली आणि मिस्त्रीला बजावलं, "टँकर मागवा. रोज पाणी मारा, नाहीतर सगळं तडकेल." मग शहापूरला परतले.

रविवारी येऊन बघते तर गोणपाटं ओलीचिंब. खूश होऊन मिस्त्रीला फोन लावला. तो चाचरला. "ताई, खोटं नाय बोलत... टँकर गावात आलाच नाय. मी थेंबबी नाय मारला."

तेवढ्यात शेजारच्या जनाकाकी दोघींना घेऊन तणतणत आल्या. "आमी प्यायच्या पान्यासाठी वणवण करतो नि तू गच्चीला आंघोळ घालतेस? गुपचूप बोअर मारलीस ना?"

मीही भडकले. त्यांना घरभर फिरवलं. टाकी रिकामी, नळ कोरडा. मग चौघींनी मिळून गोणपाटं खाली आणली, भर उन्हात कडकडीत वाळवली आणि पुन्हा वर पसरली. जिन्याच्या तोंडाशीच बसून राहिलो. वर जायला दुसरी वाट नाही. कुणीही गेलं नाही.

थोड्या वेळाने काकी बघायला चढल्या. "अगो सूनबाय!"

धावत गेलो. गोणपाटं ठिबकत होती. पाणी विहिरीच्या तळासारखं गार.

मला वाटलं, आता या पळणार. काकींनी पदर खोचला आणि रिकाम्या गच्चीवर ओरडल्या, "कोन असशील ती! सिमेंटाला पाजतेस, मानसं दिसत नाय तुला? आमच्या हंड्यात वत की!"

खरंच हंडे आणले. गच्चीवर ओळीने मांडून ठेवले. सकाळी गोणपाटं ओली... आणि हंडे ठणठणीत कोरडे!

स्लॅबला आजवर एक तडा नाही. ते पाणी कुठलं, घालणारं कोण, मला सांगता येत नाही. पण जे कोणी होतं, त्याच्यावर मी अजून चिडलेली आहे. रिकामा हंडा कमरेवर घेऊन उतरताना काकी एवढंच म्हणाल्या, "घर तुजं राखलं गो तिनं. आमी काय तिचं घोडं मारलं हुतं?"