नॉर्वेची बोट आणि विन्या

शारजात रोल्लाच्या सिग्नलला गाडी थांबली होती, तेव्हा विन्याच्या बायकोचा, वहिनींचा फोन आला. "भावजी, हे गेले..." एवढंच. मागचा हॉर्न वाजवत होता, त्याला काच खाली करून शिवी हासडली. त्या बिचाऱ्याचा काय दोष! जिला ती लागायला हवी होती ती व्यक्ती तिथे नव्हती.

विनायक सामंत आणि मी नव्वदीच्या दशकात शारजाहून इराणला जाणाऱ्या पॅसेंजर बोटीवर होतो. तो सेकंड इंजिनियर, मी इलेक्ट्रिशियन. बोट मूळची नॉर्वेची, पार उत्तरेला बर्फाच्या समुद्रात माणसं नेणारी. तिकडे दोनदा बर्फात अडकलेली, एकदा खडकावर चढलेली. म्हातारपणी आमच्या मालकाच्या गळ्यात पडली. पहिल्याच फेरीत, भर जुलैत, एसीऐवजी सीटांखालचे हीटर सुरू झाले. लोक बोंबलताहेत आणि विन्या हसत वायरी उपटतोय. "म्हातारीला थंडी वाजतेय रे!"

तिच्या इंजिनरूममध्ये एक व्हॉल्व्ह होता. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत घ्यायच्या तोंडाशी बर्फ धरू नये म्हणून इंजिनातलं गरम पाणी तो पुन्हा तिथेच सोडायचा. आखातात तो उघडला की इंजिन खलास. विन्याने तो बंद करून तारेने आवळून ठेवला होता. मालक बघायला येणार म्हणून आमच्या सुपरिंटेंडेंट साहेबांनी (नाव लिहीत नाही, वाचून ओळखतीलच) "हे काय भंगार" म्हणत तार कापायला लावली, वर रंग फासला. पुढच्या फेरीला साहेब बोटीवरच होते. इंजिन थोडं तापलं, तशी स्वारी खाली आली. "हा पण उघडा, जास्त पाणी येईल." विन्या "नको, सर" म्हणत होता. साहेबांनी स्वतः चाक फिरवलं. मग इंजिन बंद, भर समुद्रात पाच तास... शेकडो माणसं, ना दिवे ना हवा.

चौकशीत साहेब म्हणाले, सामंतने उघडला. मी शेजारी उभा होतो, सगळं पाहिलं होतं. पण माझा व्हिसा साहेबांच्या हातात होता... मी गप्प बसलो. विन्याला काढलं. पुन्हा कुठल्याच बोटीवर कुणी घेतलं नाही.

दुबईत ऊद मेथातल्या शोकसभेला साहेब फुलं घेऊन आले. "सामंत म्हणजे आमचा हिरा..." मी ताडकन उठलो. "खाली बसा! व्हॉल्व्ह तुम्ही उघडला. मी बघितलंय." सगळं सांगितलं, भर सभेत, त्यांच्या तोंडावर. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. मान खाली घालून निघून गेले. गोड वाटलं मला, खोटं कशाला बोलू!

बाहेर विन्याची मुलगी भेटली. "अंकल, यू न्यू? ऑल दीज इयर्स?"



बोटीवरची नोकरी सुटल्यावर विन्या एसी दुरुस्त करायचा. दर एप्रिलला, न बोलावता, अल मनखूलला माझ्या घरी यायचा, बेडरूमचा एसी उघडून साफ करायचा, चहा प्यायचा, जायचा. त्या चौकशीबद्दल एक शब्द नाही. यंदा एप्रिल उलटला. एसी नुसता घरघरतो, खोली भट्टीसारखी तापते. बायको म्हणते, दुसऱ्या कुणाला बोलवा. नाही बोलवत. तापू दे मला.