चार डबे आणि एक पेटी

आमच्या ठाण्यातल्या वर्तकनगरच्या घरात रविवारी दुपारी सोल्डरिंगच्या राळेचा वास यायचा. बाकीच्यांकडे मटणाचा, आमच्याकडे राळेचा. आई खिडकीखाली चटईवर बसलेली असायची. सोल्डरिंग आयर्नचं टोक ती ओल्या फडक्याला पुसायची, चर्र व्हायचं, धुराची बारीक दोरी वर जायची आणि उन्हाच्या पट्ट्यात शिरली की निळी दिसायची. मी भिंतीला टेकून, गिटार मांडीवर घेऊन बसायचे. तिने "हं" म्हटलं की एक तार छेडायची. एकच. मग तो आवाज पूर्ण जाईपर्यंत दोघींनी गप्प बसायचं.

आईने गिटारसाठी केलेल्या एकोच्या डब्यातून तोच आवाज पुन्हा पुन्हा यायचा, त्याला विरायला फार वेळ लागायचा. पहिला आवाज स्वच्छ, दुसरा जरा मळका, तिसरा शेजारच्या खोलीतून आल्यासारखा, चौथा कोलशेतच्या खाडीपलीकडून. पाचवा खरंच आला की नुसता वाटला, ते आम्हाला कधीच ठरवता आलं नाही. आई मान तिरकी करून ऐकत राहायची, मी तिच्याकडे बघत राहायचे, पडदा हलायचा. त्या दुपारी किती लांब होत्या म्हणून सांगू! अजून डोळा लागता लागता मला तो मळका आवाज येतो आणि क्षणभर मी त्या चटईवर असते.

आता आई कोण, ते सांगते. आई सातवी पास. वागळे इस्टेटीत रेडिओचा एक कारखाना होता, तिथं ती लाइनवर बसायची. पट्ट्यावरून बोर्ड यायचा, ती त्यावर अकरा जोड सोल्डर करायची आणि बोर्ड पुढच्या बाईकडे जायचा. जोडाला ती टाका म्हणायची, तिथल्या सगळ्याच बाया म्हणायच्या. वर्षानुवर्षं तेच अकरा टाके. रेझिस्टरवर तपकिरी-काळा-लाल पट्टे म्हणजे एक के, हजार ओहम, हे तिला माझ्या पाढ्यांपेक्षा पक्कं ठाऊक होतं. गाण्यातलं मात्र ओ की ठो कळायचं नाही. सूर चुकला तर तिला पत्ता नसायचा, पण आवाजात बारीक घरघर असली की लगेच भुवई वर. बाबा कंपनीत शिफ्टला असायचे. या सगळ्यात त्यांचा वाटा एवढाच, की ते ओरडायचे नाहीत. माझ्या मैत्रिणींच्या बापांचा विचार केला तर हाही मोठाच वाटा म्हणायचा.

मी गिटार शिकले कॉलेजात, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्याला कल्याणच्या एका ऑर्केस्ट्रात शिरले. ऑर्केस्ट्रात कुणाला नाव नसतं. ढोलक, कीबोर्ड, कांगो, तशी मी गिटार. "ए गिटार, चहा घेतलास का?" मुलगी गिटार वाजवते म्हणून मालकाने पोस्टरवर माझा फोटो गायिकेपेक्षा मोठा छापलेला. गायिका महिनाभर माझ्याशी बोलली नाही. गेली उडत!

पण लोकांना हवं असतं कॅसेटसारखं. गाणं तेच असून चालत नाही, आवाजही तोच लागतो. कुठे गिटार चिरकते, कुठे पाण्याखालून आल्यासारखी वाटते, कुठे घुमते. माझी सेकंडहँड गिटार नुसती टणटण करायची. असे आवाज काढायला पेडल लागतात, म्हणजे पायाने दाबायच्या पेट्या, एका आवाजाला एक. बाहेरच्या देशातल्या पेडलचं आम्ही नावच काढायचं नाही. मग एका इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकात मला डिस्टॉर्शनच्या, म्हणजे आवाज चिरकवणाऱ्या सर्किटची आकृती मिळाली. मी ती उलटीसुलटी करत बसलेले. आई पोळ्या लाटत होती. हात पुसून म्हणाली, "आण इकडे. तुला ती आकृती दिसतेय, मला ते काम दिसतंय."

मुंबईला जाऊन लॅमिंग्टन रोडवरून पार्ट आणले. पायाने दाबायचं बटण मिळेना, तर टेबललॅम्पचं लावलं. खोकं म्हणून माझा शाळेतला डबा. पहिल्यांदा वाजलं तेव्हा मी नाचले, पण आई डबा हातात घेऊन नुसती बघत बसली. मला वाटलं, काही चुकलं. ती म्हणाली, "अगं, हे पूर्ण झालं." तिने तोवर आयुष्यात फक्त अकरा टाके घातलेले. बोर्ड पुढे जायचा आणि रेडिओ कुठेतरी लांब, दुसऱ्याच कुणाच्या हातात वाजायचा. पहिली अख्खी वस्तू तिने केली ती ही.

असे चार डबे झाले. आमच्या घरातली त्यांची नावं खरखर, गरगर, थरथर आणि एको. चारही जेवायच्या पाटावर स्क्रूने बसवलेले. कारखान्यात तपासलेल्या टाक्यावर लाल ठिपका देतात, तसा आई माझ्या नेलपॉलिशने द्यायची. नेलपॉलिश मी लावलं की ओरडायची आणि तिथं बिनधास्त वापरायची! दर रविवारी पाटावरचे डबे उघडून सगळे टाके बघायची आणि चौकोनी बॅटऱ्या जिभेला लावायची. जीभ झिणझिणली तर ठेवायची, नाहीतर नवी.

हल्ली पोरं मला विचारतात, पेडल चांगले की डिजिटल चांगलं? मी म्हणते, आधी वाजवायला शिका. पण खरं सांगायचं तर डब्यांचा ताप होताच. गाणं बदललं की वाकून चार बटणं फिरवा. एकाची वायर हलली की चारही मुके. आणि बाळकुमच्या गणपतीत तर कहर झाला. गायिकेने विरहाचं गाणं धरलेलं, समोर बायका पदर डोळ्याला लावतायत, मी खरखरचं बटण दाबलं आणि स्पीकरमधून आकाशवाणी. कांद्याचे बाजारभाव. अख्खं पटांगण पोट धरून हसलं. मालक विंगेत दातओठ खात उभा. "ए गिटार, ती डब्यांची उतरंड परत आणलीस तर मी दुसरी गिटार बघतो." माझं डोकंच सटकलं. मी म्हटलं, बघा की, आणि पोस्टरवर तिचाच फोटो लावा. तोंडाला लगाम तेव्हाही नव्हता. घरी येऊन आईला सांगितलं तर ती डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. "जन्मभर रेडिओ केले, शेवटी घरातही रेडिओच झाला!" दुसऱ्या दिवशी चहाच्या पुड्यातली चांदी झाकणाला आतून लावून तिने बाजारभाव बंद केले.

त्याच सुमारास तिचा कारखाना गेला. आधी टाके घालणारं मशीन आलं, मग बाया निम्म्या झाल्या, मग कारखाना इथून हललाच. आई तरीही सकाळी त्याच वेळेला उठायची, वेणी घालायची आणि मग कुठे जायचं ते न सुचल्यासारखी ओट्यापाशी उभी राहायची. आठवड्यात तिचा चेहरा उजळायचा तो रविवारी, डबे उघडताना.

आणि दिवाळीला मस्कतहून मामेभाऊ आला, माझ्यासाठी पेटी घेऊन. एकच पेटी, पुस्तकाएवढी. तिच्यात सगळे आवाज. खरखर अठरा प्रकारची, एको पाहिजे तेवढा लांब, शिवाय निरनिराळ्या अँप्लिफायरची हुबेहूब नक्कल. मॉडेलिंग म्हणतात त्याला. एका बटणावर अख्ख्या गाण्याचा आवाज बदलायचा. मी हेडफोन लावून बसले आणि अहो, काय सांगू! दाराआड दार उघडत जावं तसं झालं. मोठे हॉल, लांब बोगदे, मी कधी न पाहिलेल्या जागा कानात उघडत होत्या. आई आत भाकऱ्या थापत होती, तो थापेचा आवाजही मला ऐकू येत नव्हता.

सांगायला हवं होतं, मला कळत होतं. पण ओट्यापाशी उभी राहिलेली ती डोळ्यांपुढे यायची आणि माझी जीभ, जी एरवी कुणाला ऐकत नाही, टाळ्याला चिकटायची. म्हणून मी एक शक्कल लढवली. पेटी गिटारच्या बॅगेत लपवायची, आणि पाट तसाच प्रत्येक कार्यक्रमाला न्यायचा. स्टेजवर पायापुढे मांडायचा, वायर लावायची नाही. मालकाला म्हटलं, शोभेला आहे. रविवारी पाट आईपुढे ठेवायचा. "बघ गं, थरथर जरा अडखळतोय." ती उघडायची, शोधायची, एखादा टाका उगाच पुन्हा घालायची. "आता बघ." "आता मस्त!" मी म्हणायचे. दहा महिने.

एकदा बॅटरी जिभेला लावून ती म्हणाली, "बॅटऱ्या हल्ली फार टिकतात गं." मी म्हटलं, नवीन कंपनीच्या आहेत. ती "बरं" म्हणाली.

पुढच्या गणपतीत डोंबिवलीच्या एका मोठ्या मंडळाचा कार्यक्रम मिळाला. चार दिवस आधी पेटी बिघडली. वायर जरा हलली की कडकड, मग एकदम गप्प. पेटी मस्कतची, इथं कोण उघडणार? ठाण्यातल्या दोन रिपेअरवाल्यांनी बाहेरूनच हात जोडले. अख्खं ठाणं पालथं घातलं, आणि हे काम येणारी बाई माझ्या घरात चटईवर तांदूळ निवडत बसलेली. दुपारी तीनला मी पेटी तिच्यापुढे ठेवली. 

"आणलीस शेवटी," ती म्हणाली. "मला वाटलं, रिपेअरवाल्याला देशील."

"तुला माहीत होतं?"

"अगं, दहा महिने बॅटरी उतरत नाही. मी काय वेडी आहे?" तिने तांदळाचं ताट बाजूला सारलं. "तो स्क्रू-ड्रायव्हर दे."

पेटी उघडली. आत हिरवा बोर्ड, त्यावर काळ्या चिपा, त्यांचे पाय मुंगीच्या पायाएवढे. आईने चष्मा लावला आणि बोर्ड खिडकीकडे धरला.  उन्हात तो बोर्ड फार सुंदर दिसत होता, आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

"यात कुणाचा हातच लागलेला नाही," ती हळू म्हणाली. मग बोर्ड फिरवला, कडेला वायर खुपसायची जागा होती तिथं बोट थांबलं. "थांब, थांब. इथं लागलाय. हे टाके बघ, मोठे. मशीनचे नाहीत. इथं बाई बसलीय."

"बाई कशावरून?"

"मग बाप्या असेल. पण हातानं केलंय. तीन टाके चोख आहेत, चौथ्याला घाई झालीय. कथील नीट बसायच्या आत आयर्न उचललं. शिफ्ट सुटत आली असेल गं तिची, पट्टा थांबत नाही."

तिने आयर्न तापवलं. चौथा टाका पुन्हा घातला, फुंकर मारली. दोन मिनिटांचं काम. नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि म्हणाली, "वाजव."

मी वाजवलं. एकदाही कडकडलं नाही. आईने डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकलं. आवाज लांब गेला, शेवटपर्यंत स्वच्छ, जराही न मळता.

"माझ्यापेक्षा चांगलं आहे," ती म्हणाली.

"नाही गं, तुझ्या डब्यांचीच मजा..."

"खोटं बोलू नकोस. दहा महिने बोललीस तेवढं पुरे."

मला रडू फुटलं. चांगली बावीस वर्षं पार केलेली बाई मी, हुंदके देत बसले. तिने मला ना जवळ घेतलं, ना रागावली. ती पेटीचे स्क्रू लावत होती. शेवटचा स्क्रू लावता लावता, माझ्याकडे न बघता, तिने विचारलं, "ही जिथं बनते, तिथं अजून बाया घेतात ना कामाला?"

"घेत असतील," मी म्हटलं.

"बरंय मग," आई म्हणाली आणि तांदळाचं ताट पुन्हा पुढे ओढलं.

आई तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होती. मला ती म्हातारी वाटायची. आज मी तिच्या त्या वयाच्या पुढे आहे आणि माझे हात अजून कामाला शिवशिवतात. तिला काम हवं होतं. मी तिला दहा महिने खोटं काम दिलं, आणि ते खोटं आहे हे कळूनही ती ते दर रविवारी नीट करत राहिली.