बाहेरच्यांचं काय?

रेल्वेत नोकरी केली की किस्से आपोआप साठतात. गाडी लेट असली की दुसरं करायचं तरी काय! निजामाच्या राज्यात मी परभणी स्टेशनावर पार्सल क्लार्क होतो. शेजारच्या क्वार्टरात आंतोन गार्ड राहायचा, गोव्याचा कॅथलिक. माणूस लाख मोलाचा, पण त्याला एकच घोर. आपण स्वर्गात जाणार आणि शेजारचे हे लिंगायत, म्हणजे आम्ही, बाहेर राहणार! माझ्या आईच्या हातची धपाटी खाताना तर त्याला फारच वाईट वाटायचं.

*

अधूनमधून पाद्री यायचे, वेटिंग रूममध्ये मिस्सेची प्रार्थना करायचे. आंतोननं त्यांनाच गाठून विचारलं, बाहेरच्यांचं काय?

ते म्हणाले, "स्वतःचा दोष नसताना ज्याला आपला धर्म कळलाच नाही, पण जो मनापासून देवाला धरून चालतो, तोही तरू शकतो."

त्या दिवसापासून आंतोन माझ्याशी धर्मावर अवाक्षर बोलेना. मी येशूबद्दल काही विचारलं की म्हणायचा, "गप रे शिवा. तुला कळलं की तू फसलास."

*

तिकीट कलेक्टर करीमसाहेबांनी हे ऐकलं. "आंतोन, हमारे हिसाब से तो तुमीच बाहर हैं. फिकर नक्को करो, मैं तुमको कुछ नै बताता."

आंतोन दोन दिवस त्यांच्याशी बोलला नाही.

*

आईनं एकदा पाद्र्यांना तोंडावरच विचारलं, "मी कैलासाला जायची हाय. तुमच्या सर्गात माझं काय काम?"

पाद्री हसले. आंतोन चिडला. "मावशी, थट्टा नाही ही."

"मी कुठं थट्टा करायलेय?" आई म्हणाली.

*

मग आंतोनची बायको फिलोमिना बाळंत झाली. दिवस भरायच्या आधीच, भर दुपारी. आंतोन गाडीवर, पाद्री लांब जालन्याकडं. बाळंतपण आईनंच केलं. लेकरू निळं पडायला लागलं.

फिलोमिना म्हणाली, "मावशी, अडीअडचणीला कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. मला उठवत नाही. तुम्ही पाणी घाला, मी सांगते तसं म्हणा."

आईनं लेकराच्या डोक्यावर पाणी घातलं, शब्द न् शब्द म्हटला. थोड्या वेळानं लेकरू गेलं.

पाद्री आले तेव्हा त्यांनी आईला सगळं खोदून विचारलं. शब्द बरोबर होते. "पाणी घालताना मनात काय होतं?"

"ह्या पोरीच्या देवाला जे पायजे ते व्हावं. दुसरं काय असनार?"

"बाप्तिस्मा झाला," पाद्री म्हणाले. "बाळ स्वर्गात आहे."

फिलोमिना रडली. आंतोन म्हणाला, "आणि फादर, मावशी?"

आई शेगडीवर पाणी तापवत होती. पाद्री काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "माझी कशाला काळजी करायलास? लेकरू हाय की तिथं. वळखील मला."