डाव्या बाजूचा धोटा

मिरज स्टेशनवर गाडी सुटायला वीस मिनिटं होती आणि तेवढ्यात मी फाईल चार वेळा उघडून पाहिली. चौथ्या वेळी समोरच्या बाकावरच्या बाईंना राहवलं नाही. "दागिने आहेत की काय त्यात?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही हो, बायको आहे." त्या जे खिडकीकडे तोंड करून बसल्या, ते पुणं येईपर्यंत वळल्या नाहीत.

पण खोटं काय सांगितलं मी? फाईलमध्ये माझी बायकोच होती. वैशाली, मूळची उमरेडची, विणकरांच्या घरची. गेलं वर्षभर ती अमेरिकेत एका संग्रहालयाच्या विणकामशाळेत आहे, कलावंतांना देतात त्या तात्पुरत्या व्हिसावर. त्या देशात असामान्य कर्तृत्वाच्या माणसांना, म्हणजे मोठे कलावंत, खेळाडू, शास्त्रज्ञ यांना, कायमचं राहायची परवानगी मिळण्याची एक वेगळी वाट आहे. वैशालीने त्या वाटेने अर्ज केला. तो मंजूर झाला असता तर मी आणि आमची मुलगीही गेलो असतो. पण तिथल्या कचेरीने उलट पत्र पाठवलं. राज्य पारितोषिक मिळालेली करवती किनारीची साडी तुम्ही विणली म्हणता, मग प्रमाणपत्रावर नाव नामदेव या गृहस्थांचं कसं?

नामदेव म्हणजे माझे सासरे, आणि साडी आमच्या लग्नाआधीची. विणकरांच्या सोसायटीत सभासद घरातला एकच, वडीलधारा माणूस. घरात कुणीही विणो, कापड जमा होतं ते त्याच्या नावावर आणि बक्षीस येतं तेही त्याच्याच नावावर. उमरेडमध्ये हे शेंबड्या पोराला माहीत आहे, पण अमेरिकेला कोण सांगणार? उत्तर द्यायला बारा दिवस उरले होते. अर्ज फेटाळला गेला तर जूनमध्ये व्हिसा संपणार आणि वैशाली परत सांगलीच्या साडीच्या दुकानात गादीवर उभी राहून गिरणीच्या साड्या उलगडणार. "आणखी दाखवू का ताई?" त्या दिवसांतला तिचा चेहरा मी रोज संध्याकाळी पाहिलेला आहे. म्हणून शाळेत चार दिवसांची रजा टाकली. वैशालीच्या तिकडच्या वकिलांकडून आलेला प्रतिज्ञापत्राचा मसुदा मराठीत केला आणि सासऱ्यांची एक सही आणायला निघालो. एकच सही, मी स्वतःला बजावत होतो.

नागपूरला उतरलो तेव्हा सकाळचे नऊसुद्धा वाजले नव्हते आणि एप्रिलच्या उन्हाने फलाट तापला होता. डोक्याला, तोंडाला दुपट्टे गुंडाळून माणसं आपापल्या कामाला निघाली होती, नुसते डोळे दिसत होते. मी टोपीही आणली नव्हती. स्टेशनबाहेर एका गाडीवर तर्री-पोहे (हरभऱ्याचा जाळ तिखट रस्सा ओतलेले पोहे) घेतले. पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी आलं, नाक पुसायला रुमाल काढला, बशी कलली आणि लाल तर्रीचा ओघळ थेट फाईलवर गेला! वरचं प्लॅस्टिकचं कव्हर वाचवून गेलं म्हणून बरं. गाडीवाला फडकं घेऊन धावत आला.

"काहून (का) इतके घाबरून राहिले भाऊ? कोर्टाचा कागद आहे का?"

"त्याहून वाईट, व्हिसाचा आहे."

"अरे बाप्पा!" म्हणाला, आणि त्याने न मागता आणखी पोहे वाढले.

उमरेडची एसटी कोळशाच्या ट्रकांच्या मागून मागून जाते. खिडकी बंद केली तर भाजून निघायचं, उघडी ठेवली तर काळं व्हायचं. मी फाईल शर्टाच्या आत घालून काळा व्हायचं ठरवलं.

सासऱ्यांनी माग विकून पिठाची चक्की टाकल्याला सहा वर्षं झाली. सासूबाई तर आमच्या लग्नाआधीच गेल्या. मी पोहोचलो तेव्हा ते ज्वारी दळत होते, भुवयांवर पीठ. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात, इथे त्याला 'जी' जोडावा लागतो. मामाजींनी पट्टा काढून चक्की थांबवली, मला पाणी दिलं आणि स्वतः रांधलेला वडा-भात पुढ्यात ठेवला. भातावर डाळीचा वडा कुस्करायचा आणि वरून लसणाची तेलाची फोडणी घ्यायची. मी मात्र रस्ताभर घोकत आलेलं भाषण सुरू केलं. मानाचं बक्षीस आहे, तुमचं नाव आहे, मागायला जीभ रेटत नाही, पण...

"जेवा अगोदर," ते म्हणाले. "त्यात काय आहे इतकं? साडी पोरीनं इणली, साऱ्या गल्लीले माहीत आहे. माह्या (माझ्या) नावाचं काय लोणचं घालाचं आहे? उद्या नागपूरले जाऊ, देतो सही."

मी दोन वडे जास्त खाल्ले. घर सोडल्यापासून पहिल्यांदाच पोटात अन्न उतरल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला आम्ही नागपूरच्या कचेरी भागात एका टंकलेखकाच्या टेबलासमोर होतो, वर ताडपत्री, बाजूला पाणी उडवणारा पंखा. त्याने सगळं टंकून मामाजींना वाचून दाखवलं. "सदर साडी माझी मुलगी वैशाली हिने एकटीने, अन्य कोणाच्याही सहभागाशिवाय विणली आहे." मामाजींनी पेन हातात घेतलं होतं. ते त्यांनी परत टेबलावर ठेवलं.

"एकटीनं? एकटीनं कशी इणन (विणेल)?"

मला कळेचना. सांगलीला आमच्या मागच्या खोलीत वैशाली मागावर एकटीच तर विणायची. मामाजींनी टेबलावर बोटाने चौकोन काढून मला समजावलं. आमच्या घरी विणायची ती अरुंद ओढणी. साडीचा पन्हा मोठा. मधल्या अंगाचा धोटा (सुताची कांडी घातलेली, आडवी फेकायची लाकडी नळी) वेगळा आणि दोन्ही किनारींचे दोन धोटे वेगळे. दर फेरीला किनारीचं सूत अंगाच्या सुतात अडकवायचं, तेव्हा करवतीचे दात उठतात. एका माणसाचे हात पुरत नाहीत. उजवीकडे विणणारा बसतो आणि डावीकडे दुसरा.

"डावीकडे कुंदा होती," ते म्हणाले. "सात महिने बसली पोरगी."

कुंदा म्हणजे वैशालीची थोरली बहीण, कन्हानला दिलेली. मी म्हटलं, "मामाजी, एका शब्दाचा प्रश्न आहे हो!"

"शब्दच आहे तं काढून टाका. माहं खोटं नाव कागदावर होतं, ते काढाले आलो मी. आता त्याच्या जागी दुसरं खोटं घालू का? कुंदाले विचारल्याबिगर मी सही करत नाई."

आवाज चढला नाही, काही नाही. पण मी पंचवीस वर्षं शाळेत शिकवतो, न हलणारा माणूस मला ओळखता येतो. टंकलेखक म्हणाला, "शिक्का मारणारे वकीलसाहेब पाचपर्यंत आहेत, या जाऊन." आणि आम्ही कन्हानच्या बसमध्ये बसलो.

त्या प्रवासातलं मला काही दिसलं नाही, हे प्रवासवर्णन लिहिणाऱ्याने कबूल करू नये, पण करतो. कामठी गेली, पूल आला, खाली कन्हान नदी होती, वाळूत बारीकशी धार. मी मनात एकच हिशेब मांडत होतो. कुंदाताई म्हणाली की अर्धी साडी माझी, तर संपलं सगळं. आणि म्हणायचा तिला हक्क होता, हे जास्त वाईट.

ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती, मुलांच्या खिचडीचं पातेलं घासत. आम्हा दोघांना एकत्र बघून तिच्या हातातली घासणी गळली. "वैशूले काही झालं तं नाई नं?"

"काही नाही झालं वं," मामाजी म्हणाले. "जवाईबापूले एक कागद पाहिजे."

ओसरीवर बसून मी सगळं सांगितलं. सांगताना माझी नजर तिच्या राख लागलेल्या हातांवरून हलत नव्हती. तिने ते धुतले, पुसले आणि साडीचा फोटो मागून घेतला.

"ही डावी किनार माही. उजवी तिची. माहे दात जरासे लहान येत, तं मले बोलत राहे ती." मग म्हणाली, "तिकडचे लोक काय म्हणून राहिले साडीले?"

फाईलमध्ये तिथल्या एका जाणकार बाईंचं पत्र होतं. मी त्यातली ओळ मराठीत सांगितली. दोन्ही किनारी अशा जुळल्या आहेत की एकाच हातातून उतरल्यासारख्या वाटतात.

"एकाच हातातून!" कुंदाताई पदर तोंडाला लावून हसली. मामाजीही हसले. मला हसू आलं नाही. तिचं हसू ओसरलं तसं तिने मसुद्यावर बोट ठेवलं. "हे एकटीनं म्हणून कोणी लिवलं?"

"वकिलांनी," मी म्हटलं. मला खरंच तसं वाटत होतं.

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "असन (असेल)," ती म्हणाली.

"ताई, दोघींचं लिहिलं आणि अर्ज नामंजूर झाला तर?"

"मंग तुमीच सांगा काय लिवू. मी नव्हती तिथं?"

लाज वाटली मला. एवढ्या लांबून मी कशासाठी आलो होतो? या बाईने आपण तिथे नव्हतो असं सांगावं, म्हणून. मग तीच सावकाश सांगू लागली. "लिवा. नक्षी तिची, रंग तिचे. दात कुठं वाढवाचे, कुठं मोडाचे, तेही तिनंच सांगतलं. मी डाव्या बाजूचा धोटा देत होती. दोघी मिळून इणली. एवढं लिवा."

"एवढंच?"

"एवढंच खरं आहे." ती उठली. पातेलं तसंच ठेवून, शाळेतल्या बाईंना सांगून ती आमच्याबरोबर निघाली. बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर होती. कामठी जवळ आल्यावर मान वळवून तिने विचारलं, "तिथं तिच्या डाव्या बाजूले कोण बसते?"

"कोणी नाही. एकटीच उठून पलीकडे जाते आणि परत येते."

"मंग लय हळू होत असन बिचारीचं," ती म्हणाली आणि पुढे बघत बसली.

पाचला दहा मिनिटं असताना दोन प्रतिज्ञापत्रांवर दोन सह्या झाल्या. मामाजींच्या कागदातून 'एकटीने' गेलं होतं, 'दोन्ही मुलींनी' आलं होतं. कुंदाताईने आपली सही सावकाश केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, परतीच्या गाडीआधी, फलाटावरून वैशालीला फोन केला, तिकडे झोपायची वेळ झाली होती. घडलं ते सगळं सांगितलं. म्हटलं, "तुझ्या त्या वकिलाला सांग, मागाचं काही कळत नसताना एकटीने-बिकटीने लिहू नकोस म्हणावं. तुझ्या बहिणीसमोर मान खाली घालायला लावली मला."

सांगलीत बारा वर्षं राहून तिची भाषा आमच्यासारखी झाली आहे, पण घाबरली की ती उमरेडची होते.

"अहो, वकिलानं नाई लिवलं ते. मी लिवलं."

"तू?"

"भेव वाटलं. दोघीचं सांगतलं तं म्हणतीन, मंग हिच्यात असामान्य काय आहे?"

मला राग आला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असा राग तिच्यावर कधी आला नव्हता. फलाटावर ओरडलो असतो, पण गाडी लागली होती. एवढंच विचारलं, "आता काय करू?"

"कुंदानं जे सांगतलं तेच पाठवा."

"आणि नाकारलं तर?"

"तं येते परत," ती म्हणाली आणि रडायला लागली. मी तिची समजूत काढली नाही. वर्धा गेलं, बडनेरा गेलं, दुपारी भुसावळच्या आसपास मला वाईट वाटायला लागलं. ती घाबरली तसा मीही घाबरलोच होतो, आणि कन्हानच्या ओसरीवर तेच खोटं मीही मागितलं होतं.

नागपूरहून लोक संत्राबर्फी आणतात, मी दोन कागद आणले. पोहोचल्या दिवशीच ते भाषांतर करून पाठवले. रोज शाळेला जाण्याआधी मी त्या कचेरीच्या संकेतस्थळावर अर्जाचा क्रमांक घालून बघतो, 'विचाराधीन' एवढंच येतं. मुलगी विचारते, आई येणार की आपण जाणार? मी तिला सांगतो, माहीत नाही. पूर्वी सांगायचो, आपणच जाणार.

कागद पाठवल्यानंतरच्या रविवारी वैशालीने आपण होऊन कुंदाताईला फोन केला आणि ते कोणी लिहिलं होतं ते सांगून टाकलं. मग मला फोन आला. मी विचारलं, "काय म्हणाली ताई?"

वैशालीने तिचेच शब्द सांगितले. "म्हणाली, मले तवाच समजलं होतं. ज्यानं माग पाह्यला नाई, त्याले एकटीनं असं लिवाचं सुचतच नाई."