वाळूतला चर

मार्गासनीपासून वेल्ह्यापर्यंत कुणाच्या लग्नाची पंगत उठली आणि भात खाली लागला नाही, की समजावं, चर पालीच्या कोंडिबा आचाऱ्यानं मारला होता. चर म्हणजे जमिनीत खणलेली लांबट चूल. हातभर खोल, तोंड वाऱ्याकडं, शेपटीला निमुळती, वर ओळीनं पातेली. कोंडिबाचा थोरला गोरख चर खणतच वाढला. पुढं राजगड बघायला येणाऱ्यांना पिठलं-भाकरी घालून घर चालेना, तेव्हा तो मुंबईहून सुटणाऱ्या एका क्रूझवर लागला. गावात बोलवा झाली, गोरख बोटीवर आचारी झाला. झाला होता भांडी घासणारा.

आठ वर्षं तो बोटीच्या पोटात, बिनखिडकीच्या खोलीत पातेली घासत होता. बोट कुठल्या बेटाला थांबली हे त्याला खरकट्यावरून कळायचं. शहाळ्याची मलई आली की बेट, केक आला की नुसतं पाणी. गोव्याचा मिनेझिस बडा शेफ होता. त्याला गोरखनं तीनदा विचारलं होतं, "सायेब, मला सैपाकात घ्या. भातावर." मिनेझिस दर वेळी म्हणायचा, "बघू रे."

यंदाच्या फेरीत मिनेझिसच्या हाताखालचा एक जण तापानं पडला आणि गोरखची बेटावर जायची पाळी आली. दोनशे पाहुण्यांचं जेवण किनाऱ्यावर होतं. पांढरी वाळू, वाकलेले माड, पाणी काचेगत. पाहुणे अजून पलीकडच्या अंगाला पोहत होते. हिकडं गॅसच्या शेगड्या मांडल्या, पण रेग्युलेटर फुटका निघाला. मिनेझिसनं आल्यागेल्या सगळ्यांच्या नावानं शिव्या हासडल्या आणि दुसरा आणायला छोट्या बोटीनं क्रूझवर गेला. जायला-यायला दीड तास.

मागं चौघं उरले. दोघं नेपाळचे, एक पुण्याचा शार्दूल, जो टेबलं लावायचा, आणि गोरख. समुद्र कुणाच्या सात पिढ्यांत नव्हता.

"भाऊ, आता पाहुणे आपल्यालाच खाणार," शार्दूल म्हणाला.

गोरखनं माडाच्या वाळल्या झावळ्या बघितल्या, करवंट्यांचा ढीग बघितला. "खोरं हाय का?"

"कशाला? तोंड लपवायला?"

"चर मारतो. भात होईतो येतील सायेब."

वरच्या कोरड्या वाळूत त्यानं चर मारला, तो ढासळला. दुसरा मारला, तोही ढासळला. वाळू कसली, रवाच तो. मग तो खाली उतरला. पाण्याजवळची काळपट, ओली वाळू पायाखाली थापल्यासारखी घट्ट होती. तिथं चर बघता बघता उभा राहिला. वारा समुद्राकडनं होता, म्हणून तोंड समुद्राकडं ठेवलं. झावळ्या-करवंट्यांचा जाळ धरला, तीन पातेली ओळीनं बसली. फोडणी पडली, तांदूळ गेला, पाण्याला आधण आलं. शार्दूल मोबाईलवर व्हिडिओ काढायला लागला.

"गोरखभाऊ, हे बघून शेफ तुम्हाला मुकादम करतोय बघा."

"भात हू दे आदी."

भात निम्म्याच्या वर शिजला होता, तेव्हा गोरखच्या टाचेला पाणी लागलं. त्याला वाटलं, नेपाळ्यानं बादली सांडली. पुन्हा लागलं. त्यानं वर बघितलं. आभाळ कोरडं, ढगाचं नाव नाही.

"शार्दूल, पानी चढतंय व्हय रं?"

"समुद्र आहे तो. पुढं-मागं होतच असतो."

"न्हाई, फुडंच येतोय. मागं जाईना."

शाळेतल्या पुस्तकात भरती म्हणून एक धडा होता. तो आठवेपर्यंत एक लाट चराच्या उघड्या तोंडातनं सरळ आत शिरली. निखाऱ्यांचा आर चर्रकन विझला. कड सुटली, तोंडापाशचं पातेलं कलंडलं आणि पासष्ट-सत्तर माणसांचा पुलाव फेसात पसरला.

"दुसरी दोन उचला! झाकनाला हात लावू नगा!"

चौघांनी गोणपाटानं धरून दोन्ही पातेली वर, उन्हानं तापलेल्या वाळूत नेली. गोरखनं ती गळ्यापर्यंत पुरली, शेपटीकडचा जिता आर खोऱ्यानं आणून झाकणांवर ओतला आणि दोन्हींच्या मधे उकिडवा बसला.

तेवढ्यात मिनेझिस आला. रेग्युलेटर क्रूझवरही नव्हता. त्यानं पावाच्या लाद्या आणल्या होत्या. त्यानं पाण्यात तरंगणारा भात बघितला, पुरलेली पातेली बघितली.

"किते रे हें? भरतीच्या वाटेत चूल? समुद्राला विचारलंस?"

"म्हाईत न्हवतं, सायेब."

"उघड. कच्चा असेल तर टाकतो आणि सँडविच देतो."

"न्हाई उघडायचं."

बड्या शेफला नाही म्हटलेलं नेपाळ्यांनीही कधी ऐकलं नव्हतं.

"काय म्हणालास?"

"वाफ गेली की भात मेला. अर्धा तास द्या. कच्चा निघाला तर तुमी सांगाल तवा गावची यष्टी धरतो." एवढं बोलून गोरखनं झाकणावरचा आर खोऱ्यानं नीट पसरला.

मिनेझिसनं घड्याळ बघितलं. पाहुणे ओल्या अंगानं येऊन सावलीला बसायला लागले होते. तो पाव कापायला लागला, पण घड्याळ बघत राहिला. गोरखनं घड्याळ बघितलं नाही. तो मधनंच वाकून वास घेत होता. सव्वीस मिनिटं झाली तेव्हा मिनेझिस म्हणाला, "पुरे." गोरख म्हणाला, "अजून दमानं." आणि तिसाव्या मिनिटाला स्वतःच आर झाडून झाकण काढलं.

शीत नि शीत सुटं होतं. दुसऱ्या पातेल्यातला भात बुडाला जरा ओलसर होता, तो गोरखनं वरच्या वर वाढायला सांगितला. भात न पुरलेल्या पाहुण्यांना पाव दिला.

मिनेझिसनं उभ्या-उभ्या बशीभर पुलाव खाल्ला. "मीठ कमी आहे," तो म्हणाला. मग बशी खाली ठेवून म्हणाला, "सोमवारपासून आत ये. भातावर. पगार तोच राहील. आणि बेटावर चूल कुठं घालायची, ते मला विचारून."

"व्हय, सायेब."

सोमवारला चार दिवस होते, आणि तोवर भांडी घासणारा दुसरा कुणी नव्हता. गोरखनं दोन्ही पातेली माडाखाली ओढली आणि नारळाच्या काथ्यानं वाळू घेऊन घासायला बसला. वाळूनं बूड लई चांगलं निघत होतं.