पंप चालू केला की हँडल जड

सुलभाताईंनी मला चावी दिलीच नाही. "आधी बाजूले उभे राहा न् पाहा. मंग बोला," म्हणाल्या.

मी नालवाडीच्या एका शोरूममध्ये सर्व्हिस मेकॅनिक. ताईंचा आंजीजवळ संत्र्याचा बगीचा. गाडी म्हणजे एटीव्ही: चार जाड टायर, मोटारसायकलसारखं हँडल, मागे फवारणीची टाकी आणि पंप. ताकद भरपूर, तसं वजनही. काळ्या ओल्या मातीत ते हँडल वळवायला खांद्यात जोर लागतो. पॉवर स्टेअरिंगमध्ये हँडलच्या दांड्याला छोटी इलेक्ट्रिक मोटर असते, बराचसा जोर ती लावते. ताईंचा उजवा खांदा पूर्वी निखळलेला. म्हणून त्यांनी मुद्दाम हेच मॉडेल घेतलं होतं.

फवारणी करताना हँडल अचानक जड होतं, अशी तक्रार होती. आठवड्यापूर्वी नाल्याच्या काठावर ते वळलंच नाही. पुढचं चाक खाली गेलं. ताईंनी उडी मारली, जीव वाचला, पण खांदा पुन्हा दुखावला.

त्यांनी गाडी फिरवली, मग मी फिरवली. हँडल एकदम हलकं.

"तुमच्यासमोर कशी बरोबर चालून राह्यली!" ताई म्हणाल्या. "जुनी मोटर टाकून देल्ली तुमी मले. गिरडच्या भास्कररावकडं बिगर पॉवरची हाय. ते म्हणते, पॉवर स्टेअरिंग म्हणजे नुसता नखरा. 'माह्यं हँडल जड हाय, पण रोज सारखंच जड,' असं सांगते थे."

बाजूला जाऊन शोरूमच्या साहेबांना फोन लावला.

"काही कबूल करू नको," साहेब म्हणाले. "कस्टमरनेच वायरिंगला हात लावला असेल. फोटो काढ, वॉरंटी रिजेक्ट कर."

इतकी घाई कशाला? मला साहेबांचाच संशय आला: खरंच जुनी मोटर बसवायला लावली की काय? ताईंकडे पाठ करून मोटरवरचा नंबर कागदपत्रांशी ताडून पाहिला. जुळला. मोटर नवीच होती. मग संशय ताईंवर गेला.

"पंप चालू करा," मी म्हटलं.

पाच मिनिटांत मीटरवर स्टेअरिंगचा दिवा लागला आणि हँडल दगडासारखं झालं. कव्हर खोललं. पंपाची वायर थेट स्टेअरिंगच्या मोटरच्या वायरला जोडलेली. पंप करंट ओढायचा, मोटरला मिळणारा व्होल्टेज पडायचा आणि सिस्टिम मोटर बंद करायची.

"इलेक्ट्रिशियन कोण बोलावला होता?"

"कोणीच नाई."

"ताई, खरं सांगा. हे जोडकाम कंपनीचं नाही."

त्यांनी मोबाइल काढून एक व्हिडिओ लावला आणि माझ्यापुढे धरला. डिलिव्हरीचा दिवस. गाडीशेजारी एक माणूस उकिडवा बसून पंपाची वायर जोडत होता. "झालं ताई, आता पाहायचं काम नाही," तो म्हणत होता. तो मीच होतो. त्या दिवशी तीन गाड्या द्यायच्या होत्या. बॅटरीपर्यंत वेगळी वायर न्यायचा कंटाळा केला आणि जवळची वायर धरली. मग साफ विसरलो.

ताईंना म्हटलं, "चूक माझी आहे." साहेबांनाही तेच सांगितलं. ते म्हणाले, "लेखी दे."

पंपाला बॅटरीपासून वेगळी वायर टाकली, मध्ये फ्यूज लावला. तासभर पंप चालवला. दिवा लागला नाही.

"आता चालवा," ताई म्हणाल्या. "भरल्या टाकीनं, पंप चालू ठेवून. त्याच नाल्याच्या काठानं."

चालवली. हँडल हलकं होतं, तरी काठ येताच मी वेग कमी केला. परत आलो तेव्हा ताईंनी चावी मागून घेतली. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

पुढचे तीन महिने साहेबांनी मला ऑइल बदलण्यावर ठेवलं. आता कुठलाही बिघाड आला की या गाडीला कोणाकोणाचा हात लागला ते आधी कागदावर लिहितो. पहिलं नाव माझं.